आमची वाटचाल: वरमालेतली फुलं जपताना

लग्नातल्या वरमाला वाळवून काचेच्या चौकटीत बसवून देणं हे आज आमचं मुख्य काम आहे. सुरुवात मात्र जिप्सी आणि स्टॅटिस या गुच्छांत भरायच्या बारीक फुलांच्या जुड्यांपासून झाली. २०१७च्या हिवाळ्यात मी आणि जाऊबाईंनी पंचवटीतल्या घराची माडी रिकामी केली, वाशांना सुतळ्या बांधल्या आणि फूलबाजारातून आणलेल्या जुड्या उलट्या टांगल्या. ही दोन्ही फुलं मुळातच कागदी पोताची. अंधारी, हवा खेळती जागा मिळाली की दोन-तीन आठवड्यांत तयार. उलटी टांगली म्हणजे मान पडत नाही, आणि उन्हापासून लांब ठेवली म्हणजे रंग उडत नाही. नाशिकची कोरडी थंडी या कामाला फार मानवते. पावसाळ्यात तीच माडी दमट होते, जुडीच्या पोटात बुरशी धरते. म्हणून जून ते सप्टेंबर टांगणं बंद, सगळं काम डब्यातलं.

डब्यातलं काम आम्ही गुलाबासाठी शिकलो. दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे पॉलिहाऊसचा गुलाब भरपूर, पण टांगून वाळवला की तो आक्रसतो. त्याला सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे लागतात, रव्याइतके बारीक. फूल अर्धवट उमललेलं, दव पूर्ण सुकल्यावर तोडलेलं हवं. डब्यात तळाशी दोन बोटं थर द्यायचा, देठ इंचभर ठेवून फूल त्यात उभं रोवायचं, आणि मग चमच्याने कडेकडेने दाणे सोडत जायचं. थेट डोक्यावर ओतले तर पाकळ्या दबतात. आधी बाहेरून आधार, मग दोन पाकळ्यांच्या फटीत थोडे, पुन्हा बाहेरून, असं करत फूल पूर्ण गाडलं जातं. जाऊबाई हे करत असताना आम्ही पंखासुद्धा बंद ठेवतो. झाकण पक्कं लावलं की साधारण आठवड्याभराने फूल कागदासारखं वाजतं. मग मऊ कुंचल्याने दाणे झटकायचे. ओल धरलेले दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवले की पुन्हा वापरता येतात. ओल धरली की रंग बदलणाऱ्या निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं, म्हणून घरी करणाऱ्यांना मी नारिंगी दाणे घ्यायला सांगते.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. मंदिरं बंद, लग्नं पुढे ढकललेली, आणि ऐन बहरातली फुलं शेतकऱ्यांना बांधावर टाकावी लागली. ओळखीच्या एका बागाईतदाराने भाजीच्या टेम्पोतून गुलाब पाठवले, पैसे नंतर बघू म्हणाले. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातले झाडून सगळे डबे भरले होते. पुढे लग्नं सुरू झाली तेव्हा लोक फुलं विकत घ्यायला नाही, स्वतःचे हार घेऊन यायला लागले. धंद्याची दिशा तिथे बदलली. त्या बागाईतदारांचे पैसे आम्ही सगळ्यात आधी चुकते केले.

हाराचं काम वेगळं आहे. आधी दोरा उसवून प्रत्येक फूल सुटं करावं लागतं, कारण दोऱ्याशी ओल साठते. कोणतं फूल कसं निघेल हे ऑर्डर घेतानाच आम्ही स्पष्ट सांगतो. झेंडू आणि पिवळी शेवंती रंग छान धरतात. लाल गुलाब गडद, जवळजवळ काळपट मरून होतो. गुलाबी जास्त खुलतो. निशिगंध आणि मोगरा मात्र तपकिरी पडतात, आणि तो पांढरा रंग परत आणण्याचा उपाय आमच्याकडे नाही. फुलांना रंग मारून द्या, अशी मागणीही येते. आम्ही ती घेत नाही. त्या दिवशी गळ्यात जे फूल होतं, तेच चौकटीत असावं असं आम्हाला मनापासून वाटतं. हार रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रवात बसवून घ्यायचा असेल तरी फूल आधी पूर्ण वाळवावंच लागतं; ओलं फूल आत काळं पडतं, बुडबुडे धरतं.

यंदाच्या लग्नसराईत हार पाठवणार असाल तर एवढं करा. विधी झाल्यावर पाणी मारू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. वर्तमानपत्रात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच आमच्याकडे पोचवा. नवरानवरी देवदर्शनाला गेली असली तरी चालेल, घरातल्या कुणाच्याही हाती पाठवा.