छप्पर राहिलंच

"एखादा चांगला युद्धपट सांगा ना." सिनेमे फार बघते अशी ख्याती झाल्यापासून हे मला लग्नाच्या पंगतीतही विचारून झालंय. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा रणगाडे, धूर आणि छाती फुगवणारे संवाद असतात. मी सांगते तो सिनेमा ऐकून निम्म्यांचा चेहरा पडतो.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: 'बॅलड ऑफ अ सोल्जर'. 1959 चा, रशियन, कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा. दिग्दर्शक ग्रिगोरी चुखराय स्वतः स्टालिनग्राडला लढलेला. तरी लढाई म्हणाल तर सुरुवातीची काही मिनिटं, बस.

एकोणीस वर्षांचा अल्योशा दोन जर्मन रणगाडे उडवतो. घाबरलो होतो, हेही जनरलसमोर कबूल करून टाकतो. पदक मिळणार असतं. तो म्हणतो, पदक नको, आईकडे जाऊन येऊ द्या, घराचं छप्पर गळतंय. म्हणजे हा गडी चक्क शाकारणीसाठी सुट्टी मागतो! जनरल हिशेब करतो: जायला दोन दिवस, यायला दोन, छपराला दोन.

पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ते सहा दिवस कसे झिरपून जातात, एवढंच. पाय गमावलेला सैनिक बायकोला तोंड दाखवायला घाबरतोय, त्याच्यासाठी थांब. मालगाडीत लपलेली शूरा भेटते, तिच्यात जीव गुंतव. आणि साबण. आघाडीवरचा एक शिपाई आपल्या बायकोसाठी निरोप देतो आणि सोबत साबणाच्या दोन वड्या; तुकडीच्या वाटणीचा साबण तेवढाच. अल्योशा घर शोधत जातो तर तिथे दुसराच पुरुष. तो जिना उतरतो, मग परत वर जातो, साबण उचलतो आणि शिपायाच्या म्हाताऱ्या वडिलांना नेऊन देतो. युद्धकाळातल्या घरांबद्दल एवढ्या थोडक्यात एवढं सांगणारा दुसरा प्रसंग मला तरी माहीत नाही.

शेवट फोडला म्हणून रागावू नका. पोरगा युद्धावरून परत येत नाही, हे सिनेमा स्वतःच पहिल्या दोन-चार मिनिटांत सांगून टाकतो. आणि तरीही आपण त्याच्या गाडीची वेळ चुकू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसतो, यातच चुखरायची करामत आहे.

माझे सासरे मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गाव साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस फौजेत. 'बॉर्डर' लागला की मामंजी रिमोटला हात लावू देत नाहीत. त्यांना हा दाखवला तेव्हा खालची इंग्रजी अक्षरं मी मोठ्यानं मराठीत सांगत होते. तासाभरानं म्हणाले, "गप बस, कळतंय मला." शेवटी अल्योशा घरी पोचतो तेव्हा आईला मिठी मारण्यापुरताच वेळ उरलेला असतो, रस्त्यावरच. पडदा काळा झाला. मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी छपार ऱ्हायलंच की."

त्यानंतर त्यांनी कधी नव्हे ते सांगितलं, की त्यांच्या आईचं पत्र दर उन्हाळ्यात यायचं: पावसाच्या आत ये, कौलं चाळायचीत. किती वेळा जमलं, हे मी विचारलं नाही.

यानंतर आणखी काही हवं असेल तर 'दास बूट' बघा, 1981 चा, जर्मन पाणबुडीतला; त्यात युद्ध म्हणजे मुख्यतः घाम आणि वाट बघणं. एलेम क्लिमोवचा 'कम अँड सी' मात्र मी आता सहजासहजी सुचवत नाही. 1943 चा बेलारूस, जाळलेली गावं, आणि सिनेमाभर डोळ्यांदेखत म्हातारा होत जाणारा एक मुलगा. थोर सिनेमा, पण एका शेजाऱ्यांना नुसतं नाव सांगून मोकळी झाले होते. त्यांनी तो रविवारी संध्याकाळी, भेळेचे बाऊल घेऊन, सहकुटुंब लावला. तेव्हापासून ते मला फक्त पाण्याच्या टँकरबद्दल विचारतात.