शनिवारी लग्न, रविवारी कालवा

लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: रविवारी ड्यूटी असलेल्यांना रात्री दहानंतर कोणीही थांबायचा आग्रह करणार नाही. नवरा आणि नवरी दोघंही आमच्या वासरवाख्तच्या गटातले. वासरवाख्त ही जर्मन रेड क्रॉसची जीवरक्षक शाखा. तळी, नद्या, कालवे, जिथे पाणी तिथे ही मंडळी. शनिवारी त्यांचं लग्न आणि रविवारी बव्हेरियातल्या रोट गावची ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ; त्यातल्या पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायची ड्यूटी आमची. हा मुहूर्त काढला कुणी, असं मी विचारलं, तर नवरीचा भाऊ शर्यतीसाठी कॅनडाहून यायचा होता आणि दोनदा यायला त्याला रजा नव्हती. पंचांगापेक्षा मला हे कारण जास्त पटलं.

इथे लग्न एका दिवसात उरकत नाही. कायद्याने लग्न लागतं ते सरकारी नोंदणी कार्यालयात, आणि हे १८७६ सालापासून असंच चालू आहे. चर्चमधलं लग्न ज्याच्या त्याच्या इच्छेवर. आमच्या जोडप्याचं कार्यालयातलं लग्न आठवड्यापूर्वीच झालं होतं आणि त्याच संध्याकाळी 'पोल्टरआबेंड' होता. म्हणजे अंगणात जमायचं आणि चिनी मातीची भांडी आपटून फोडायची. बशा, कप, जुन्या फरशा, एका शेजाऱ्याने तर ट्रॉलीवर घालून बेसिन आणलं. काच मात्र चालत नाही, आरसा तर नाहीच, तो अपशकुन. आमच्याकडे लग्नघरात कप फुटला की आजी 'जाऊ दे, पीडा टळली' म्हणून वेळ मारून नेते. इथे पीडा टाळायचा जाहीर कार्यक्रमच असतो. शेवटी तो सगळा ढीग नवरा-नवरीने मिळून झाडायचा. आपण केरसुणी हातात घेऊन मदतीला गेलो तर लोक ओरडतात.

मला तिथे बोलावणं आलं ते मैत्रीमुळे, पण मैत्री झाली ती पाण्यामुळे. जर्मनीत आल्यावर पहिला हिवाळा ऑफिस ते घर आणि घर ते ऑफिस यातच गेला. सहकारी सज्जन, पण सहा वाजले की ज्याचा तो. मग कुणीतरी म्हणालं, इथे माणसं भेटतात ती मंडळात. गाणं, नेमबाजी, अग्निशमन, कुत्री पाळणं, वाटेल त्याचं मंडळ असतं. मी सांगलीची, लहानपणी पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेली. म्हटलं, हेच बरं. पण नदीत पोहता येणं वेगळं आणि जीवरक्षकाचा रौप्य बिल्ला मिळवणं वेगळं. चारशे मीटर पंधरा मिनिटांच्या आत, तीनशे मीटर अंगावर शर्ट-पँट घालून बारा मिनिटांच्या आत, तीन मीटरवरून उडी, पंचवीस मीटर पाण्याखालून, तळाची पाच किलोची कडी वर आणायची, शिवाय प्रथमोपचार. ओले कपडे अंगावर असताना हात उचलणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. आणि हे सगळं फुकट, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. पगारी माणूस एकही नाही.

इथे हे वेड जुनं आहे. १९१२ च्या जुलैमध्ये बाल्टिक किनाऱ्यावर बिन्झ गावातला लाकडी धक्का कोसळला, माणसं पाण्यात पडली आणि बुडाली, कारण पोहता येणारे आणि वाचवता येणारे दोन्ही कमी. पुढच्या वर्षी लाइपझिगला जीवरक्षकांची संघटना निघाली, तिला इथे डी एल आर जी म्हणतात. आमची वासरवाख्त वेगळी, पण काम तेच. दोघांत थोडी चुरस आहे, तीही लग्नात दिसली, कारण नवऱ्याचे काका त्या दुसऱ्या संघटनेतले.

चर्चच्या दारात आम्ही गणवेशात दोन रांगा करून उभे होतो, हातातली वल्ही वर एकमेकांना टेकवून कमान केलेली. अग्निशमनवाले पाण्याच्या नळ्या धरतात, फुटबॉलवाले चेंडू, आमची वल्ही. कमानीच्या टोकाला नवऱ्याच्या हातात दोरीची पिशवी दिली. ही आमची रोजची वस्तू: दोरीचं एक टोक हातात धरायचं, पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायची आणि दोर त्याच्या अंगावर पडला पाहिजे. नवरी वीस पावलांवर. पहिली फेक करवलीच्या पुष्पगुच्छावर, दुसरी बरोबर नवरीच्या खांद्यावर. काका म्हणाले, आमच्यात पहिल्यांदाच लागते. त्यानंतर नवरा-नवरीने दोन बाजूंनी करवत धरून ओंडका कापला. करवत ओढायची असते, ढकलायची नसते. हे दोघांनाही आपापल्या वेळेला कळलं आणि लोक खूश झाले.

मग मी कपडे बदलून इरकल नेसून आले आणि पुढचा तासभर अनोळखी आज्यांनी पदराचा पोत हाताने तपासला. फ्रँकोनियातलं, म्हणजे रोटच्या या प्रदेशातलं, जेवण शाकाहारी माणसाची परीक्षा पाहतं. आधी लग्नाचं सूप, मग उकडलेलं गोमांस आणि नाकात जाणारी मुळ्याची चटणी. मला बटाट्याचे मोठे गोळे आणि मशरूमचा रस्सा वेगळा केला होता. पण खरी मजा 'क्युश्ला'ची. मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचा गोळा हाताने असा ताणायचा की मध्ये पापुद्र्याइतका पातळ आणि कडेला जाड राहतो, मग तळायचा आणि वर पिठीसाखर. लग्नाआधी हे घरी तळून शेजारीपाजारी वाटतात, आपल्याकडे लग्नानंतर लाडू-चिवड्याच्या पुड्या जातात तसे. आईला व्हिडिओवर दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, कशात तळलंय?" दुसरा, "आणि तू लग्नाला गेलीस की कामाला? सकाळपासून गणवेशात काय?" मी म्हटलं, आई, तुझ्या भावाच्या लग्नात तू तीन दिवस कोठीघरातून बाहेर आली नव्हतीस. त्यावर ती हसली. पाहुणे होते ते खुर्चीवर बसून होते. ज्यांना काम दिलं होतं ते घरचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात कुणीतरी वल्हं देऊन 'तू डावीकडे उभी राहा' म्हणालं होतं.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे मित्रांनी नवरीला पळवून नेलं, म्हणजे गावातल्या दुसऱ्या खानावळीत बसवलं. नवऱ्याने शोधत यायचं आणि तोवरचं बिल भरायचं. एरवी हे बिल नवऱ्याला रडवतं. पण पळवणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहाटे ड्यूटी आणि ड्यूटीच्या आदल्या रात्री दारू बंद, त्यामुळे सगळ्यांपुढे सफरचंदाचा रस आणि सोडा. नवऱ्याने बिल पाहून सुटकेचा श्वास टाकला. दहाला आम्ही निघालो. खरंच कुणी आग्रह केला नाही.

रोटची शर्यत पूर्ण लांबीची: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं. इथे ट्रायथलॉन १९८४ पासून होते आणि २०२४ मध्ये माग्नुस डिटलेवने ती ७ तास २३ मिनिटं २४ सेकंदांत संपवली. पोहणं माइन-डॅन्यूब कालव्यात. हा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि शेजारच्याच हिल्पोल्टश्टाइनच्या जलपाशातून, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणाऱ्या बंद हौदातून, मालवाहू बोटी समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर चढतात. त्या दिवशी बोटी बंद. साडेसहाला तोफ वाजते, मागच्या शेतांतून गरम हवेचे फुगे वर चढतात, काठावर माणसांची भिंत. मग दर काही मिनिटांनी एकेक तुकडी पाण्यात.

आमचं काम बघणं. माझ्याकडे कायाक, म्हणजे एकटीने वल्हवायची निमुळती होडी, आणि दोन बोयांमधला, म्हणजे तरंगत्या खुणांमधला, पट्टा. पोहणाऱ्यांच्या टोप्या मोजायच्या नाहीत, पट्टा नजरेने झाडत राहायचा, डावीकडून उजवीकडे, परत. सगळे एका लयीत पुढे जात असतात. जो लय सोडतो तो शोधायचा. बुडणारा माणूस ओरडत नाही, त्याच्याकडे ओरडायला हवाच नसते. ट्रायथलॉनमधले मृत्यू बहुतेक पोहण्याच्याच टप्प्यात होतात, म्हणून गटप्रमुख एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: हात वर करणाऱ्याची काळजी नको, तो मागतोय, न मागणाऱ्याकडे बघा.

तिसऱ्या-चौथ्या तुकडीतला एक पन्नाशीचा गृहस्थ एकदम उताणा झाला आणि गळ्यापाशी रबरी सूट ओढू लागला. मी कायाकचं टोक त्याच्याकडे वळवलं. टोकच, बाजू नाही. बाजूला लोंबकळला तर दोघंही पाण्यात. त्याने दोन्ही हातांनी टोक धरलं. चेहरा पांढरा, श्वास नुसता आत आत. अशा वेळी 'शांत व्हा' म्हणून कुणी शांत होत नाही. मी म्हटलं, फुंकर मारा, पाण्यावर, लांब. त्याने मारली. परत. मग सुटाची कॉलर बोटाने पुढे ओढून आत पाणी जाऊ दिलं, त्याने छातीवरची पकड सैल होते. नाव विचारलं तर त्याने शर्यतीचा नंबर सांगितला. तिसऱ्या वेळी नाव सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं. दोनेक मिनिटांनी त्याने मान हलवली, हात सोडला आणि छातीवर पोहत काठाकाठाने निघाला. बाकी सकाळ म्हणजे सुटलेले चष्मे, पोटरीला गोळे, आणि एक बाई जिला फक्त अजून किती राहिलंय ते विचारायचं होतं.

गोव्यात मिरामारला २०१९ पासून अर्धी आयर्नमॅन, म्हणजे रोटच्या निम्म्या लांबीची ट्रायथलॉन, होते, कोल्हापूर-पुण्याहून इकडेही दरवर्षी कुणी ना कुणी येतं, म्हणून पोहणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. कायाक किंवा फळी धरून थांबलात तर बाद होत नाही, फक्त तिला पुढे ओढून घ्यायचं नाही. पहिल्यांदाच सूट घालून थेट शर्यतीत उतरू नका, तलावात चार वेळा घालून बघा. पहिल्या दोनशे मीटरला धाप लागली तर ती तब्येतीची नाही, घाईची असू शकते. कडेला व्हा, पाठीवर वळा, लांब फुंकर. तरी छातीत दुखत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल तर मात्र पुढे जायचं नाही, सरळ हात वर करा. आणि नाव विचारलं तर नंबर नको, नाव सांगा.