रीसेट नसलेली चिप

मे महिन्यातली दुपार. बाहेर 45 अंश, लॅबमधला कूलर धडधडत होता. उमरेडची माझी विद्यार्थिनी स्क्रीनकडे बघत गप्प बसली होती. तिची चिप म्हणजे कूलरच्या पंपाचा टायमर: थोडा वेळ पाणी चालू, थोडा वेळ बंद. एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट पुन्हा पुन्हा बसवता येणाऱ्या तयार चिपवर, तो महिनाभर सुरळीत चालला. आता चिप बनवायला पाठवण्याआधी गेट-लेव्हल सिम्युलेशन लावलं, म्हणजे तयार सर्किटची कॉम्प्युटरवर नक्कल चालवली, तर वेव्हफॉर्म (सिग्नलचा आलेख) या टोकापासून त्या टोकापर्यंत लालच लाल. सगळीकडे एक्स, म्हणजे शून्य की एक ते माहीत नाही.

एफपीजीएतले फ्लिप-फ्लॉप, म्हणजे शून्य किंवा एक लक्षात ठेवणारे भाग, सुरू होताना आपण दिलेली व्हॅल्यू घेतात. खऱ्या सिलिकॉनमध्ये वीज आल्यावर ते शून्यावर उठतील की एकावर, याचा नेम नाही. तिनं वेळ मोजणाऱ्या काउंटरला रीसेटच, म्हणजे सुरुवातीला त्याला ठरल्या आकड्यावर आणणारा सिग्नल, दिला नव्हता.

"मॅडम, एकदा पाठवली की मग काहीच बदलता नाही येणार?"

नाही येणार, म्हटलं. मग तिनं कोडची ओळ न ओळ तपासली. वर्गात मी रीसेट किती वेळा शिकवला असेल! तिला तो त्या दुपारी कळला.

आमच्या वेळी चिपचा लेआउट (नकाशा) काढला, स्पायरल बाइंडिंग केलं, व्हायवा झाली, फाइल कपाटात गेली. माझं सर्किट चाललं असतं का, हे मला आजही ठाऊक नाही, आणि ते मला सलतं.

खरं तर विद्यार्थ्यांची चिप खरोखर बनवून घेण्याची वाट जुनी आहे. अमेरिकन कॉम्प्युटर शास्त्रज्ञ लिन कॉनवे यांनी 1979 मध्ये 12 विद्यापीठांतली 82 डिझाइन्स एकत्र करून चिप बनवून घेतल्या होत्या. मास्कचा, म्हणजे चिप छापायच्या साच्यांचा, खर्च वाटला गेला की विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतो. अनेकांची डिझाइन्स एकाच चिपवर बसवणाऱ्या टायनी टेपआउट या उपक्रमातही तसंच: 130 नॅनोमीटरचं तंत्र, आणि एकेकाच्या वाट्याला साधारण 160 बाय 100 मायक्रॉनची जागा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा थोडीच मोठी. लेआउट काढून देणारं ओपनलेन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅबच्या साध्या कॉम्प्युटरवर चालतं. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीतही 180 नॅनोमीटरवर विद्यार्थ्यांच्या चिप होऊ लागल्या आहेत.

अडतं ते पैशावर. चिपवरच्या जागेचे आणि चिप बसवायच्या बोर्डाचे पैसे पोरांनी खिशातून का भरायचे? ऑसिलोस्कोप घेतो तसाच हा लॅबचा खर्च धरावा. आणि चिप यायला महिनोन्महिने लागतात, म्हणून डिझाइन सहाव्या सेमिस्टरलाच पाठवावं, नाहीतर पोरं पास होऊन निघून जातात.

तिची चिप जानेवारीत आली. कूलर ताडपत्रीखाली गेला होता, म्हणून पंपाऐवजी एलईडी जोडला. तिनं मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, रीसेटचं बटण दाबलं. एलईडी लागला, ठरल्या सेकंदाला विझला. तिनं परत दाबलं.