पुसलेल्या दाणीच्या मागावर: धामणगाव, आर्वी आणि भंडाऱ्याची झाडी

शंकरपट म्हणजे विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत आणि दाण म्हणजे तिची धावपट्टी. ही दाण बांधलेली वस्तू नाही. खरिपाचं आवरलं की गायरानाचा किंवा पडिताचा एक लांब पट्टा निवडायचा, ढेकळं फोडायची, वखर फिरवायचा, पाणी मारून माती दाबायची, झाली दाण. पट उठला की तिथंच गुरं चरतात. त्यामुळे जुनी दाण शोधायला निघालं तर वीट, पाया, चौथरा असलं काही भेटत नाही. भेटली तर दबलेली माती भेटते, आणि आकाशातून काढलेल्या जुन्या चित्रात एक फिकट रेघ.

फेब्रुवारीतल्या तीन दिवसांत पाच रेघा जमिनीवर जाऊन तपासल्या. दोन धामणगाव रेल्वेच्या बाजूला, एक पुलगाव–आर्वीच्या पट्ट्यात, दोन भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या मुलखात. दोन पक्क्या निघाल्या, एक अर्धवट राहिली, दोन साफ चुकल्या. या पाच गावांची नावं दिलेली नाहीत, कारण त्या जागा आज लोकांच्या वहितीत आहेत आणि उभं पीक तुडवायला कोणाला निमित्त नको.

सुरुवात चालू पटापासून करा. तळेगाव दशासरचा पट सगळ्यांना ठाऊक आहे. तिथली दाण आधी डोळ्यांनी बघा आणि मग संगणकावर तीच जागा वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत बघा. नजर बसते ती अशी. दाणीचा आकार सरळ रेघेचा नसतो, पळीसारखा असतो: लांब दांडा आणि एका टोकाला पसरट वाटी. शेवटच्या झेंडीपाशी जोडी जागेवर थांबत नाही, धुरकरी (जोडी हाकणारा) तिला आवरेपर्यंत ती पुढं जातेच, म्हणून त्या टोकाला माती रुंद तुडवली जाते. वाटी नसेल तर रेघेवर लगेच विश्वास ठेवू नका. जोडी एकटी घड्याळावर धावते की दोन जोड्या शेजारी सुटतात, यावर दांड्याची रुंदी बदलते.

अलीकडच्या दाणींसाठी गूगल अर्थ प्रो पुरतं. घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की जुन्या तारखांची पट्टी उघडते. त्यातली डिसेंबर ते मे एवढीच चित्रं बघा. पावसाळ्यातलं चित्र हिरवं गार असतं, त्यात काही दिसत नाही. अपवाद सप्टेंबर-ऑक्टोबरचा: दबलेल्या जागी पाणी साचून तूर-पऱ्हाटी खुजी आणि पिवळी राहते, आणि गेल्या हंगामातली दाण पिकातच उमटते.

इथं कायद्याच्या तारखा कामी येतात. ज्या प्राण्यांचे खेळ करायला बंदी आहे त्यांच्या केंद्राच्या अधिसूचनेत जुलै २०११ मध्ये बैलाचं नाव आलं, ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली. म्हणजे २०१५ ते २०२१ च्या हिवाळ्यांत खरी दाण फिकी होत गेलेली दिसली पाहिजे. जी रेघ या सगळ्या वर्षांत तशीच ठळक राहते तो बहुधा पांदण रस्ता असतो. धामणगावच्या बाजूची पहिली जागा याच कसोटीवर उतरली. २०११ आधीच्या चित्रात पळी स्पष्ट आहे, नंतर दांडा विटत जातो आणि शेवटी दोन धुऱ्यांमध्ये (शेताच्या बांधांमध्ये) विरतो.

त्याआधीचं शोधायचं तर गूगल अर्थ संपतं. १९८५ तारखेचं चित्र पट्टीवर दिसतं खरं, पण ते लँडसॅट या उपग्रहाचं, एक ठिपका ३० मीटरचा. त्यात दाण शोधणं व्यर्थ. भारताची जुनी हवाई छायाचित्रं सामान्य माणसाला सहजी मिळत नाहीत. उरतात अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांच्या फिल्मा. कोरोना नावाची ही मालिका १९६० ते १९७२ चालली आणि १९९५ मध्ये खुली झाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्स्प्लोरर या संकेतस्थळावर खातं उघडा, ‘डीक्लासिफाइड डेटा’ या गटात शिरा आणि गावावर चौकोन आखा. १९६७ नंतरचा केएच-४बी कॅमेरा निवडा. त्यात जमिनीवरची सुमारे १.८ मीटरची वस्तू ओळखू येते. सहा-सात मीटर रुंद दाण त्यात तीन-चार ठिपक्यांची पडते. इतकं पुरतं, फक्त ऊन आणि ऋतू साथ द्यायला हवेत. आधी कोणी स्कॅन करून घेतलेली चौकट (फिल्मवरचं एक चित्र) फुकट उतरवता येते. नसेल तर चौकटीमागे ३० डॉलर पडतात. म्हणून पैसे भरण्याआधी तारीख आणि ढग दोन्ही बघा.

एक चौकट म्हणजे फिल्मची लांबलचक पट्टी, ती चार तुकड्यांत येते. पट्टीच्या टोकांना चित्र फार ताणलं जातं, म्हणून आपलं गाव मधल्या दोन तुकड्यांत येईल अशी चौकट शोधा. अख्खी पट्टी नकाशावर बसवायचा हट्ट धरू नका. गावाभोवतीचा तीन-चार किलोमीटरचा तुकडा कापा, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या जिओरेफरन्सरमध्ये (चित्र नकाशावर बसवायच्या साधनात) उघडा आणि आठ-दहा खुणा जुळवा. देवळाचा कळस, रेल्वेचा पूल, गाडरस्त्यांची चौफुली, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीचा कोपरा या खुणा टिकाऊ. नाल्यांचा संगम घेऊ नका, साठ वर्षांत नाला सरकतो. सरासरी चूक दहा मीटरच्या आत आली की थांबा.

इथे एक खड्डा ठरलेला आहे. यूटीएम या नकाशे मापायच्या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात. हा पट्टा ७८ अंश रेखांशावर बदलतो आणि ती रेषा अमरावती आणि धामणगाव यांच्या मधून जाते. अमरावती, अकोला, बुलडाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. धामणगाव, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडाऱ्यासाठी ३२६४४. पट्टा चुकला की सगळ्या खुणा भलतीकडे पडतात आणि माणूस फाइलला दोष देत बसतो. गूगल अर्थमध्येही वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकमेकांवर काही मीटर सरकलेली असतात. म्हणून नुसते अक्षांश-रेखांश लिहू नका, ‘विहिरीपासून इतके मीटर, अमुक दिशेला’ असं लिहून ठेवा.

आर्वीच्या पट्ट्यातली फजिती अशीच टाळता आली असती. सहाशे मीटर सरळ, फिकट, दोन्ही टोकं झाडोऱ्यात. जागेवर गेल्यावर निघाली पुलगाव–आर्वी नॅरोगेजची मातीची भर. ही रेल्वे ३५ किलोमीटरची, ७६२ मिलिमीटर रुंदीची. घरबसल्या मोजपट्टी दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोमीटर लांबवली असती तर मोऱ्या आणि संथ वळण तिथंच दिसलं असतं. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या, आता बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या मार्गाच्या आसपासही हाच धोका. भंडाऱ्यातली चुकलेली रेघ कालव्याच्या वितरिकेसाठी मोकळा केलेला पट्टा होती. वितरिका उतार धरून चालते, दाण सपाटी धरते. गूगल अर्थमध्ये उंचीचा छेद काढला की फरक कळतो.

भंडाऱ्यातली दुसरी जागा मात्र या फेरीतली सगळ्यात देखणी. कोरोनाच्या चित्रात बांध्यांच्या (धानाच्या लहान खाचरांच्या) मधोमध मोकळा दांडा आहे. आज तिथे धान लागतं. पण आजूबाजूच्या बांध्या वेड्यावाकड्या आणि या सात बांध्या एका ओळीत, कापून ठेवल्यासारख्या. पडीक जमीन एकाच वेळी मोडून बांध्या घातल्या की असं होतं. दाण गेली, तिच्या कडा बांध म्हणून राहिल्या.

जमिनीवर ८ मिलिमीटरची, दोन फूट लांब, टोक घासलेली सळई न्या. संशयित पट्ट्याला आडवं चालत दर मीटरला एकाच जोराने दाबा आणि किती गेली ते लिहा. धामणगावच्या पहिल्या जागी, बरड जमिनीत, पट्ट्याबाहेर सळई वीतभर जात होती, आत चार बोटं. काळ्या जमिनीत ही परीक्षा फसते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते. काही वर्षांत ती आपणच आपल्याला उकरून काढते. त्यात ट्रॅक्टरचं रोटाव्हेटर फिरलं की विषय संपला. धामणगावची दुसरी जागा अर्धवट राहिली ती यामुळेच: चित्रात पळी आहे, मातीत काही नाही.

अशा वेळी कागद बघा. महाभूनकाशावर गट नंबर काढा, सातबारा बघा. वऱ्हाडात ई-क्लास (सरकारी गायरान) जमीन आणि नागपूर विभागात निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज या गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदी, यांत गायरान, आखर अशा सामाईक जागा सापडतात. रेघ अशा गटात पडली तर शक्यता वाढते, इतकंच. मग पारावर जा. “इथं पट भरे का?” असं विचारलं की लोक भिडेखातर हो म्हणतात. “काकाजी, जोड्या कुठून सुटत आणि कुठं थांबत?” असं विचारा, आणि चित्र मोबाइलवर उत्तर मिळाल्यावरच दाखवा. आधी दाखवलं की सगळ्यांनाच रेघ आठवते.

ड्रोन घरी ठेवा. पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार आहे, त्या बाजूला उडवणं सोडाच, कॅमेरा काढतानाही भान ठेवा. भंडाऱ्याच्या झाडीत पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलाच्या कडेला पायी फिरू नका. वाघाचा मुलूख आहे, गावकरी सांगतील ती वेळ पाळा. मुक्कामाला धामणगाव आणि भंडारा सोयीचे. आतल्या गावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्याच, तेव्हा दुचाकी असेल तरच दिवसाला दोन जागा होतात. नेटवर्क धरून चालू नका: खुणांची केएमएल (गूगल अर्थमध्ये उघडणारी) फाइल आणि जुन्या चित्राचा कापलेला तुकडा आदल्या रात्रीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.