आमची वाटचाल : शेकाच्या पलीकडे

सांगलीच्या गावभागात तळमजल्यावरच्या गाळ्यात आम्ही नवरा-बायकोने क्लिनिक उघडलं. दोघंही फिजिओ. दोन कॉट, एक आयएफटी (दुखऱ्या जागी सौम्य करंट देणारं मशीन), एक अल्ट्रासाउंड (सोनोग्राफीचं नव्हे, ध्वनिलहरींनी उपचार करायचं) आणि कमरेला वजन लावायचं ट्रॅक्शन टेबल. पेशंट दारातूनच विचारायचे, "शेक देता का?" आम्ही द्यायचो. शेकाने दुखणं उतरतं, माणूस हालचालीला तयार होतो; खरं काम तिथून पुढे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. मशीन सगळी पाण्यात. मग आम्ही घरोघरी जाऊ लागलो. लकवा झालेल्या काकांना खुर्चीतून पुन्हा पुन्हा उठवायचं, गुडघा बदललेल्या आजींकडून पाय ताठ उचलून घ्यायचा, मग वाकवून. याला वीज लागतच नव्हती. नंतर मशीन अर्धीच घेतली. उरलेल्या पैशांत धरून चालायचे पॅरलल बार आणि रबरी पट्टे आले, शिवाय एक फिजिओ कामावर घेतली.

आता विश्रामबागला, पहिल्या मजल्यावर आहोत. लिफ्ट असलेलीच जागा शोधली. गुडघेदुखीवाल्याला जिना चढायला लावणारं क्लिनिक काय कामाचं!

मार्केट यार्डातले हमाल कंबर घेऊन येतात, तालमीतले पैलवान गुडघा. गुडघ्यातल्या लिगामेंटच्या (सांधा धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) ऑपरेशननंतर कुस्तीला साधारण नऊ महिने थांबावं लागतं, हे पैलवानाच्या वस्तादांना पटवणं सगळ्यात कठीण. फ्रोझन शोल्डर मधुमेहींमध्ये जास्त. खांदा आधी दुखतो, मग आखडतो, मग सावकाश सुटतो. वर्ष-दोन वर्षंही जातात. "दहा दिवसांत मोकळा करा" म्हणणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणतो. गेला तर गेला.

पहिल्या दिवशी बराच वेळ नुसती तपासणी चालते. "मशीन लावलंच नाही, मग पैसे कशाचे?" हे अधूनमधून ऐकावं लागतं. पण कंबरदुखीवाल्याची नस दबून पायातली ताकद जातेय का, लघवीवरचा ताबा सुटलाय का, हे त्या तपासणीतच कळतं. तसं असेल तर व्यायाम नाही, शेक नाही. त्याच दिवशी सर्जनकडे.

सध्या सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेल्या) मुलांसाठी मागची खोली तयार करतोय. त्यांच्या आयांनी संध्याकाळची वेळ मागितलीय, तेव्हा पैलवानांना सकाळी लवकर यावं लागणार.