बंदूक आपोआप सुटली, मग पुढं काय? (भरमारवाल्यांनी वाचा)

सोयाबीन शेंगेवर आलं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात वावरात माळे उभे राहतात, जागल सुरू होते अन् ज्याच्याकडे लायसनची भरमार (नळीच्या तोंडातून बारूद ठासून भरायची बंदूक) आहे तो ती खुंटीवरून खाली काढून पुसून घेतो. रानडुकरं अन् रोही (नीलगाई) एका रात्रीत एकरभर लोळवून जातात, त्यामुळं हौस म्हणून कोणी बंदूक बाळगत नाही हे मलेही माहीत आहे. मी तालुका कोर्टात वकिली करतो, घरची शेती आहे, अन् हंगामात हमखास एखादा फोन येतोच, "वकीलसाहेब, बार सुटला, पण म्या काही मुद्दाम नाही मारला, आपोआप सुटला."

हाव, मुद्दाम नाही मारला तर खुनाचं कलम लागत नाही. पण लोकांना वाटते की तेवढं म्हटलं की सुटलो, अन् इथंच घोळ आहे. बार कसा सुटला याच्यापेक्षा सुटायच्या आधी बंदूक कुठं होती, कोणाच्या हाती होती अन् भरलेली काहून होती, हे पोलीस विचारतात, कोर्टही तेच विचारते अन् शेवटी कलेक्टर ऑफिसातला गृह शाखेचा बाबूही तेच विचारते.

आता भरमारीचं दुखणं समजून घ्या, कारण बाराबोरवाल्याला हे नसते. बाराबोर, म्हणजे काडतुसाची बंदूक, उघडली, काडतूस काढलं, विषय संपला. भरमारीत वरून बारूद, त्याच्यावर बोळा, त्याच्यावर छर्रे, मग गजानं ठासायचं, अन् एकदा ठासलेलं पुन्हा बाहेर काढणं म्हणजे जिवावरचं काम, नाहीतर मग हवेत बार उडवा अन् बारूद वाया घालवा. म्हणून लोक काय करतात, रात्री वापरली नाही तरी सकाळी भरलेलीच घरी आणतात अन् तशीच खुंटीला टांगतात. टोपी (घोड्याच्या ठोक्यानं पेटून बारूद उडवते ती) काढून ठेवली तर ठीक, पण कोणी टोपीही तशीच ठेवतो, घोडा टोपीवर टेकलेला, म्हणजे खुंटीवरून पडली अन् घोड्यावर ठोका बसला की बार. आमच्या गावात एकाची अशीच पडली, छर्रे टिनातून आरपार, खाली गव्हाची कोठी होती म्हणून निभावलं, नाहीतर बाजूलाच लेकरू झोपलेलं. टिनाला पडलेली ती छिद्रं अजूनही दिसतात, पावसाळ्यात खाली पातेलं ठेवतात.

कायदा काय म्हणते ते आता. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) गेलं अन् भारतीय न्याय संहिता आली, त्याच्या आधीची घटना असंन तर जुनंच कलम चालते. नव्या कायद्यात कलम १८ अपघाताचं आहे, जुनं ८०. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीनं, पुरेशी काळजी घेऊन करताना, वाईट हेतू नसताना, अपघात झाला तर तो गुन्हा नाही. कायद्यात उदाहरणही आपल्या ओळखीचं दिलं आहे, माणूस कुऱ्हाडीनं काम करत आहे, पातं निसटलं अन् बाजूला उभा असलेला मेला, तर काळजीत कसर नसंन तेव्हा माफ. आता कुऱ्हाडीचा दांडा ढिला आहे हे आधीच माहीत होतं तर? मग नाही माफ. भरलेली बंदूक खुंटीला टांगणं म्हणजे तो ढिला दांडा, कोर्टात मी कितीही गळा काढला तरी.

कोणाला काही झालं नाही पण जीव धोक्यात आला, तर कलम १२५, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साधी दुखापत झाली तर सहा महिने, गंभीर दुखापत, म्हणजे डोळा गेला, हाड मोडलं, तर तीन वर्षांपर्यंत. अन् माणूस गेला तर कलम १०६, निष्काळजीपणानं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद अन् दंड. हे जुन्या ३०४अ मध्ये दोनच वर्षं होतं, म्हणून जुन्या हिशोबानं "दोन वर्षं तर आहेत, जामीन होऊन जाते" म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. जामीन आजही होते, पण शिक्षेची कमाल वाढली ना बाप्पा.

हे झालं न्याय संहितेचं. आर्म्स ॲक्ट, म्हणजे शस्त्र कायदा, वेगळा, तो १९५९ चा, अन् त्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २५ ला पोटकलम ९ जोडलं. बंदूक हयगयीनं किंवा निष्काळजीपणानं वापरून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, किंवा लग्न-वरातीत, देवळापाशी, गर्दीत हर्षानं बार उडवला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणाला छर्रा लागलाच पाहिजे असं नाही, जीव धोक्यात आला तेवढं पुरे.

वरातीचं निघालं म्हणून सांगतो. उत्तराखंडच्या एका लग्नात एकानं छताकडं नळी करून बार काढला, छर्रे पाच जणांना लागले, त्यातले दोघं मेले. मारायचं कोणालाच नव्हतं. सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये, तेव्हा सरन्यायाधीश आपले नागपूरचे बोबडे साहेब, निष्काळजीपणाचं हलकं कलम लावायला नकार दिला, खालच्या कोर्टाचं खुनाचं कलम तेवढं उतरवलं अन् सदोष मनुष्यवध लावला, दहा वर्षं. कारण काय तर गर्दीत भरलेली बंदूक हाती धरणाऱ्याला परिणाम माहीत असायलाच पाहिजे. मस्करीत कोणावर नळी रोखणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. "भरली आहे हे माहीतच नव्हतं" हे वाक्य म्या लय ऐकलं, बंदूक ज्याच्या नावावर आहे त्याच्या तोंडून ते फार कमजोर वाटते.

शेताच्या बाबतीत कोर्टं नरमही राहिली आहेत, ते लपवत नाही. नागपूर हायकोर्टाचा १९५२ चा एक निकाल आहे, तरस समजून गोळी घातली अन् निघाला माणूस, आरोपीला फायदा मिळाला. ओडिशात १९७८ च्या निकालात मक्याच्या वावरात अस्वल शिरलं समजून एकानं बाण मारला, माणूस मेला, तोही सुटला. पण हे गावातल्या पारावर सांगून छाती फुगवू नका. एक तर त्या दोघांनी बार किंवा बाण मुद्दामच सोडला होता, फक्त समोर कोण आहे हे चुकलं, तुमचं प्रकरण तसं नसते. अन् दुसरं म्हणजे १९५२ मध्ये वन्यजीव कायदा नव्हता, तो १९७२ चा. आज वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर बार काढला तर ते कामच बेकायदेशीर, मग "कायदेशीर काम करताना अपघात" हा बचाव पहिल्याच पायरीवर लंगडा होते. वरून वनवाले वेगळा गुन्हा नोंदवतात. म्हणून रेंज ऑफिसातून परवानगीचा कागद आधी, बारूद नंतर.

आता सगळ्यात जास्त फसणारी गोष्ट, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. लायसन मालकाच्या नावावर अन् रात्री माळ्यावर बंदूक सालदाराच्या मांडीवर, कारण मालकाले थंडी वाजते. दुरुस्तीला किंवा रिन्यूअलला न्यायला मालकाच्या लेखी चिठ्ठीवर दुसऱ्यानं बंदूक नेली तर कायदा चालवून घेते, जागलीला नाही. बार सुटला की सालदारावर विनालायसन बंदूक बाळगल्याचा गुन्हा, त्यात आता कमीत कमी दोन वर्षं अन् जास्तीत जास्त पाच, आणि मालकावर दुसऱ्याच्या हाती बंदूक दिल्याचा अन् लायसनच्या अटी मोडल्याचा. गरीब माणूस मालकाच्या भरवशावर बसते अन् मोठी शिक्षा त्याच्याच वाट्याला, हे मले कधीच पटलं नाही, पण कलम तसंच आहे. पोराच्या हाती देणारेही आहेत. एकवीसच्या आतल्याला तर लायसनच मिळत नाही. बाबा सत्तरीचे झाले किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली असंन तर वारसाच्या नावावर करायचा अर्ज देता येते, २०१६ च्या नियमांत सोय आहे, तो द्या ना.

आपल्याच पायात बार घुसला तर? ऑक्टोबर २०२४ मध्ये गोविंदाचं झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, लायसनचं रिव्हॉल्वर हातातून सुटलं अन् गोळी पायात. एवढा मोठा माणूस, तरी पोलीस दवाखान्यात जबाब घ्यायला गेलेच. डॉक्टर गोळीची जखम पाहून ठाण्यात कळवतो, तेव्हा "खिळा लागला" सांगून काही होत नाही, छर्रे एक्स-रेत दिसतात.

अन् हे लपवणं तर करूच नका. बंदूक नाल्यात टाकणं, रक्ताची जागा शेणानं सारवणं, टोपी फेकणं, यानं पुरावा नष्ट केल्याचं नवीन कलम जोडलं जाते, अन् मुख्य म्हणजे तुमचाच बचाव जाते. बंदूक फॉरेन्सिकला गेली की घोडा किती जोर लावल्यावर पडतो, ठोक्यानं बार सुटू शकतो का, हे तपासतात. खरोखर यंत्रात बिघाड होता तर तो रिपोर्टच तुम्हाला वाचवंन. बंदूकच नाही तर काय तपासतीन? आधी जखमीला दवाखाना, मग ठाणं, बंदूक आहे तशी ठेवा, जबाबाआधी वकिलाला फोन लावा.

मिटवामिटवीचं विचारतात. दुखापतीचं १२५ कोर्टाच्या परवानगीनं मिटू शकते, जखमी तयार असला तर. १०६ मिटत नाही, आर्म्स ॲक्टही मिटत नाही. सरपंचासमोर पन्नास हजार देऊन स्टँपवर लिहून घेतलेलं असते, माणुसकी म्हणून ते चांगलंच, पण केस त्यानं बंद होत नाही.

लायसन मात्र बहुतेकदा लटकतेच. आर्म्स ॲक्टच्या कलम १७ खाली कलेक्टर सस्पेंड करतात किंवा रद्द, कोर्टात सुटला तरी तिथं वेगळं भांडावं लागते, अपील अमरावतीला विभागीय आयुक्तांकडं, तीस दिवसांत. तोवर बंदूक ठाण्यात जमा अन् डुकरं वावरात, तेव्हा कुंपणाच्या तारेला सोलरवालं झटका मशीन लावून घ्या. एमएसईबीची लाइन मात्र थेट तारेत सोडू नका, त्यात जागलीला निघालेला शेजारी चिकटला तर माझ्याकडं पुन्हा तेच वाक्य घेऊन याल, अन् तिथं तर "आपोआप" म्हणायलाही जागा नाही.