प्रवेशाच्या घाईत लॅपटॉप नको

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले, की आमच्या परभणीकडच्या घरांत तीन खर्च एकदम दारात येऊन उभे राहतात: महाविद्यालयाची फी, खोलीची अनामत आणि लॅपटॉप. वेळही नेमकी अशी असते, की हातातला पैसा सोयाबीन-कापसाच्या बियाण्यात आणि खतात नुकताच गेलेला असतो आणि पुढचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास, माल मोंढ्यात गेल्यावरच यायचा असतो. फी आणि अनामत थांबत नाहीत. लॅपटॉप मात्र थांबू शकतो आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभियांत्रिकीच्या प्रवेशात एका फेरीत मिळालेली शाखा पुढच्या फेरीत बदलू शकते. आज स्थापत्य मिळालेला मुलगा काही दिवसांनी संगणक शाखेत गेलेला असतो आणि या दोन शाखांना लागणारी यंत्रे सारखी नसतात. पहिल्या सत्रात गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, आरेखन आणि थोडे प्रोग्रॅमिंग एवढेच असते. प्रोग्रॅमिंगची प्रात्यक्षिके महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होतात आणि तिथले संगणक त्या कामाला पुरेसे असतात. माझ्या भाचीला यंदा नांदेडला प्रवेश मिळाला, तेव्हा तिचा पहिला प्रश्न हाच होता: “मामा, सगळ्यांकडं लॅपटॉप असंल, अन् मी एकटीच कशी बसू?” मी तिला सांगितले, की आधी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, त्यांनी पहिल्या सहा महिन्यांत लॅपटॉपवर नेमके काय केले. उत्तर बहुतेक ठिकाणी सारखेच येते: पीडीएफ वाचल्या आणि पिक्चर पाहिले.

थांबल्याने लॅपटॉप स्वस्त मिळेल, असे मात्र कोणी समजू नये. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, चिपांचे भाव जगभर चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी या चिपांचा मोठा वाटा ओढून घेत आहे. थांबायचे ते शाखा पक्की व्हावी आणि पैसा रोख हातात यावा यासाठी. ‘नो कॉस्ट ईएमआय’चा फलक दुकानोदुकानी असतो, पण त्यात बँक व्याज आकारतेच, फक्त तेवढी रक्कम किमतीतून सूट म्हणून आधी वजा दाखवलेली असते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही लागते, ते आपल्याच खिशातून जाते. पगारदार माणसाला दरमहा हप्ता जमतो. ज्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो, तिथे ऑगस्टपासून सुरू होणारा हप्ता सप्टेंबरमध्येच जड जातो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा डिझाइनच्या मुलांना हा सल्ला लागू नाही. त्यांना पहिल्या महिन्यापासून घरी सराव करावा लागतो. उलट, बी.ए., बी.कॉम.ला जाणाऱ्या मुलांनी लॅपटॉप घ्यायचाच का, हा प्रश्न दुसऱ्या वर्षापर्यंत लांबवला तरी बिघडत नाही. फार्मसी, नर्सिंग आणि कृषी पदवीच्या सुरुवातीच्या काळात अहवाल लिहिणे, तक्ते करणे आणि सादरीकरणे करणे यापलीकडे फारसे काम पडत नाही.

घ्यायचाच ठरला, तर दुकानात पहिला शब्द कानावर पडतो तो ‘आय-फाइव्ह’, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपचे (प्रोसेसरचे) नाव. आमच्याकडे हा शब्द ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीसारखा वापरला जातो: मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद. लॅपटॉपमध्ये तसे नसते. आय५-७२००यू ही इंटेलची सातव्या पिढीची चिप आहे आणि तिच्यात दोनच कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत. आय३-१२१५यू ही बाराव्या पिढीची चिप आहे आणि तिच्यात सहा कोअर आहेत. नावाने धाकटी असलेली दुसरी चिप पहिलीला सहज मागे टाकते. म्हणून ‘आय’च्या पुढचा आकडा ऐकून थांबू नये, त्याच्यापुढचा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, त्यातील सुरुवातीचा एक किंवा दोन अंकांचा भाग पिढी सांगतो. इंटेलने आता नव्या चिपांच्या नावातला ‘आय’ काढून टाकला आहे, त्यामुळे ‘कोअर ५ १२०यू’ अशी नावे दिसली तर गोंधळू नये.

एएमडीच्या चिपांत वेगळीच गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे शेजारी ठेवली, तर फरक एका अंकाचा दिसतो. सात हजारी मालिकेत तिसरा अंक चिपची अंतर्गत रचना सांगतो: ‘२’ म्हणजे झेन २ ही जुनी रचना, ‘३’ म्हणजे झेन ३. पहिल्या चिपमध्ये चार कोअर आहेत, दुसरीत सहा. दोन्ही लॅपटॉपवर ‘रायझन ५’चे तेच चिकटपत्र असते आणि किमतीतला फरक पाहून ग्राहक स्वस्त असलेला उचलतो. सेलेरॉनसारख्या अगदी खालच्या चिपा आणि ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी ही मंद, स्वस्त साठवण असलेले लॅपटॉप मात्र कोणत्याही शाखेच्या मुलाने घेऊ नयेत. ते पहिल्या दिवशी चालतात, पण विंडोजचे दोन-तीन मोठे अद्ययावतीकरण झाले, की जागाही संपते आणि संयमही.

रॅमबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पस्तीस-पंचेचाळीस हजारांच्या पट्ट्यात खरी फसगत इथेच होते. आज ८ जीबी ही किमान गरज आहे. अँड्रॉइड स्टुडिओ, ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स चालवायचे असेल, तर १६ जीबी हवीच. “आता आठ घ्या, पुढं आठ टाकून देऊ,” असे दुकानदार सांगतो. काही लॅपटॉपमध्ये ते शक्य असते, काहींत रॅम मदरबोर्डवर झाळलेली असते आणि जागाच रिकामी नसते. मघाशी उल्लेख केलेल्या ७५२०यू चिपच्या लॅपटॉपांत ती झाळलेलीच असते. हे तपासण्यासाठी लॅपटॉप उघडावा लागत नाही. दुकानातल्या चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ निवडले, की खाली बारीक अक्षरांत ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ या ओळी दिसतात. ‘दोनपैकी एक’ आणि ‘सोडिम’ (काढता-घालता येणारी रॅमची पट्टी) असे असेल, तर बहुधा एक जागा रिकामी आहे; तरी बिल करण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत ‘रॅम किती जीबीपर्यंत वाढवता येते’ ही ओळ वाचून घ्यावी. ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल, तर ती रॅम झाळलेली आहे. त्याच ठिकाणी ‘डिस्क’वर टिचकी मारली, तर साठवण एनव्हीएमई एसएसडी या वेगवान प्रकारची आहे की नाही, हेही कळते. दुकानदार थोडा चमकतो, पण मग बोलण्याचा सूर बदलतो, एवढा फायदा नक्की होतो.

पडद्याच्या बाबतीत एवढेच पाहावे, की तो १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा आणि आयपीएस, म्हणजे तिरपे पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा, आहे. लॅपटॉप समोर ठेवून जरा उभे राहून वरून पाहावे. रंग फिके पडलेले किंवा बदललेले दिसले, तर तो बहुधा जुन्या टीएन पद्धतीचा पडदा आहे आणि चार वर्षे त्याच्यावर डोळे ठेवायचे आहेत, हे लक्षात घ्यावे.

बॅटरीचे आकडे कंपन्या तासांत सांगतात, ते बाजूला ठेवावेत. तळाशी किंवा माहितीपत्रकात वॅट-तास लिहिलेले असतात. ४२ वॅट-तासांची बॅटरी असेल आणि लेखन-वाचनाच्या कामाला सात-आठ वॅट लागत असतील, तर साधारण पाच-सहा तास मिळतात. खेळ किंवा थ्रीडी आरेखन चालवले, तर दीड-दोन तासांतच ती बसते. गावाकडे वीज गेली, तर हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. टाइप-सी चार्जिंगची सोय असेल, तर तिला मी जास्त गुण देतो, कारण मूळ चार्जर बिघडला तर तालुक्याच्या गावातही दुसरा मिळू शकतो. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंगच्या वेळी हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर दोष बहुधा लॅपटॉपचा नसून खोलीतल्या अर्थिंगचा असतो. जुन्या भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास आढळते.

गेमिंग लॅपटॉपचा हट्ट मुले करतातच. तो सव्वादोन-अडीच किलोचा असतो, शिवाय विटेएवढा चार्जर. नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर त्या यंत्राचा पंखा रात्रभर घोंगावत ऐकावा लागतो आणि चिप तापली, की ती स्वतःच वेग कमी करते, म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले तो नेमका तेव्हा मिळत नाही. यांत्रिकी आणि स्थापत्यच्या मुलांना पुढे वेगळे ग्राफिक्स कार्ड लागू शकते, हे खरे आहे. परंतु ते तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाच्या वेळी, आणि तेव्हाही प्रयोगशाळा असतेच.

जुना लॅपटॉप घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड आणि एलिटबुक हे कार्यालयीन लॅपटॉप आमच्याकडच्या बाजारातही येतात, आणि त्यांचे कीबोर्ड व बिजागऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपांपेक्षा भक्कम असतात. अट एकच आहे: इंटेलची चिप आठव्या पिढीची किंवा त्यापुढची हवी, कारण विंडोज ११ अधिकृतपणे त्याच्या आधीच्या पिढ्यांवर चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बॅटरीची खरी अवस्था पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप करावे. जो अहवाल तयार होतो, त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता या दोन ओळी असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत. संगणक सुरू होतानाच, विंडोजच्याही आधी, बायोसचा (यंत्राच्या मूळ प्रणालीचा) पासवर्ड मागत असेल, तर मात्र कितीही स्वस्त असला तरी तो तिथेच ठेवून यावे.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्याचे कारण बहुतेक मुलांना पडत नाही. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या ओळखीवर मोफत मिळते, लिब्रेऑफिस सर्वांनाच मोफत आहे, आणि मराठी टंकलेखनासाठी विंडोजमध्ये युनिकोडचे कळफलक आधीच असतात. विंडोजशिवाय येणारा ‘डॉस’ लॅपटॉप चार-पाच हजारांनी स्वस्त पडतो म्हणून घेऊन त्यावर दुकानातून चोरीची विंडोज टाकून घेणे मला पटत नाही. त्यापेक्षा विंडोजच्या जागी चालणारी उबंटू ही मोफत प्रणाली टाकावी. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याचे त्यात काही अडत नाही.

शेवटचा मुद्दा हमीचा. ‘ऑनसाइट’ हमी म्हणजे तंत्रज्ञ आपल्याकडे येतो, ‘कॅरी-इन’ म्हणजे आपण केंद्रावर जायचे. जिंतूर किंवा किनवटच्या मुलासाठी या दोन शब्दांत एका दिवसाचा प्रवास आणि बुडालेली मजुरी एवढे अंतर आहे. घेण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून जवळचे केंद्र कुठे आहे ते पाहावे, आणि घेतल्यावर त्याच दिवशी तळाचा अनुक्रमांक टाकून हमीची तारीख तपासावी. लॅपटॉप गोदामात बरेच दिवस पडून राहिला असेल, तर नोंदीत हमी आधीच सुरू झालेली दिसते. ती जीएसटीचे बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते. म्हणून बिल पक्के घ्यावे, विद्यार्थ्याच्या नावाने घ्यावे, आणि त्याचा फोटो आई-वडिलांच्या फोनमध्येही ठेवावा.